‘बंद’ केलेला प्लेअर खरंच बंद असतो का?

वारीहून आल्यावर ट्रंकेत ठेवलेला भजनाचा छोटा प्लेअर पुढच्या आषाढीला बाहेर काढावा, तर तो मुका. चार्जरला लावला तरी दिवा पेटत नाही. खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या वारकरी घरांत हे नवं नाही. "पूर्ण उतरवूनच ठेवला होता की!" असं वर सांगतात. नेमकं तिथंच बिनसतं.

बॅटरी पूर्ण उतरवायचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातला. १९९१ साली बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीला तो घातक आहे. तिच्यात तांब्याच्या वर्खावर ग्राफाइटचा लेप असतो आणि ॲल्युमिनियमच्या वर्खावर लिथियम कोबाल्ट ऑक्साइडसारख्या संयुगाचा. मध्ये द्रावणात भिजलेला सच्छिद्र पडदा. चार्ज होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतात, वापरताना परततात. असा भरलेला सेल, म्हणजे बॅटरीचा एक घटक, ४.२ व्होल्ट दाखवतो; ३ व्होल्टच्या आसपास तो रिकामा धरायचा.

त्याच्याही खाली गेला तर? ग्राफाइटमधलं लिथियम संपत येतं आणि त्या बाजूचं विद्युत विभव, म्हणजे विजेचा दाब, चढत जातं. सेल शून्याकडे झुकला की ते इतकं चढतं की तांब्याचा वर्खच झिजू लागतो: तांब्याचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन बनतात आणि द्रावणात उतरतात. पुढं कुणी चार्जर लावला की हेच तांबं पुन्हा धातू होऊन भलत्याच जागी साचतं. त्याचे कोंब पडदा भेदून पलीकडे पोचले, तर आतल्या आत शॉर्ट सर्किट. म्हणूनच अनेक संरक्षक सर्किटं अशा सेलला चार्जच करू देत नाहीत. त्यांना बगल देऊन थेट वायर जोडून सेल ‘उठवणं’ हा आगीशी खेळ आहे.

पण ट्रंकेत पडल्या पडल्या बॅटरी उतरवली कुणी? बटणानं. दाबून धरायचं जे मऊ बटण असतं, ते वीज तोडत नाही. ते आतल्या चिपला फक्त निरोप देतं. पुढचा निरोप ऐकायला चिप जागीच राहते आणि थोडा थोडा प्रवाह खात बसते. ५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची भरलेली बॅटरी ५० मायक्रोअँपिअरच्या गळतीवर १०,००० तास पुरेल, म्हणजे वर्षभराहून जास्त. तीच ‘पूर्ण उतरवून’ ठेवली आणि पाच टक्के उरली असेल, तर ५०० तासांत, तीनच आठवड्यांत, तळाला. शिवाय सेल नुसता पडून असला तरी आपोआप थोडा उतरतोच.

उपाय अगदी साधा आहे. बॅटरीची तार खरोखर तोडणारा सरकता स्विच द्यावा. तो किरकोळ किमतीत मिळतो, तरी कंपन्या तो वाचवतात याचा मला राग येतो. प्लेअर घेताना असा स्विच आहे का ते आधी बघा. ठेवताना बॅटरी निम्मी भरलेली असू द्या आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासा.

बटण एकदा दाबल्यावर दोन अभंग पुढं जातात, तेही डिझाइनचंच पाप. आतली पोलादी चकती टेकताना काही मिलिसेकंद थरथरते आणि प्रोग्रॅमनं तेवढी उसंत घेतली नाही, तर एक दाब दोनदा मोजला जातो.

बेळगावच्या खडेबाजारात काय किंवा जत्रेत काय, बॅटरीचं आयुष्य वाढवणारे स्टिकर कुणी विकत असेल, तर पैसे घालवू नका. डबीवर चिकटलेल्या कागदाचा आतल्या रसायनाशी काहीही संबंध येत नाही. १८६५० मापाच्या (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) नळकांडी सेलवर ‘९९०० मिलिअँपिअर-तास’ छापलेलं असतं, तेही खोटं. त्या मापातले चांगले सेलही साधारण ३५०० च्या आसपास असतात.

टाइप-सी खोबण असलेला प्लेअर मोबाइलच्या दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलवर चार्ज होत नसेल, तर बॅटरीला दोष देण्याआधी चार्जरकडच्या टोकाला जुनं रुंद चपटं यूएसबी तोंड असलेली केबल लावून बघा. खोबणीपाशी ५.१ किलोओहमचे दोन रोधक लागतात. स्वस्त मालात ते गाळलेले असतात. ते नसले की नव्या चार्जरला समोर काही जोडलंय हेच कळत नाही आणि तो वीज सोडत नाही.