राजवाडा परिसराचा पुनर्विकास (इंदूर)

इंदूरच्या राजवाड्याभोवतीची जुनी, दाट आणि मोडकळीला आलेली वस्ती सुधारण्याचे काम. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत इंदूरची निवड झाली आणि राजवाड्याभोवतीचे ७४२ एकर क्षेत्र त्यासाठी ठरले. होळकरकालीन वास्तूंची दुरुस्ती, रस्तारुंदी आणि कान्ह व सरस्वती या नद्यांच्या काठांची सुधारणा ही त्यातली मुख्य कामे.

होळकरांचा सातमजली राजवाडा १९८४ च्या दंगलीत जळाला. मागचा भाग उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने २००७ पर्यंत जुन्या धाटणीने पुन्हा उभा राहिला. भोवतालच्या वाड्यांना असा वाली नव्हता. ऐपत असलेली कुटुंबे नव्या कॉलन्यांत गेली, माजघरांची गोदामे झाली. जुन्या दराच्या भाड्यात मालकाला डागडुजी परवडेना आणि भाडेकरू जागा सोडीना.

या भागाच्या सुधारणेचा विचार स्मार्ट सिटीच्या जवळपास शंभर वर्षे आधी झाला होता. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. प्लेगने हैराण झालेल्या इंदुरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढवली. ज्या भागातली घरे सर्वांत स्वच्छ, तिथून ती जाणार असे जाहीर होताच लोक झाडलोट आणि रंगरंगोटीला लागले. शेवटी प्लेगचा राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढणे गेडेस यांना मान्य नव्हते. पडके घर तेवढे काढावे, मोकळ्या जागी झाड लावावे, बाकी गल्ली तशीच ठेवावी, असे त्यांचे म्हणणे.

प्रत्यक्षात घडले ते बरेचसे उलटे. बडा गणपती ते कृष्णपुरा रस्त्याच्या रुंदीकरणात अनेकांनी घराचा पुढचा भाग स्वतःच उतरवला. अशा कापणीत आधी दारापुढचा ओटा जातो, मग कोरीव खांबांची ओसरी. आतली भिंत थेट रस्त्यावर येते आणि तिलाच शटर बसते. मोबदल्यात वाढीव बांधकामाचा हक्क मिळाला, तरी ज्याच्याकडे जेमतेम एक खोली उरली त्याला तो वापरायचा कुठे? भाडेकरूच्या पदरात तर तेही पडत नाही.

वास्तुदुरुस्तीची बाजू मात्र उजवी. राजवाड्याचा दर्शनी भाग, गोपाळ मंदिर आणि गांधी हॉल यांचे काम झाले. नद्यांत जाणारे सांडपाण्याचे नळ अडवल्यामुळे कृष्णपुरा छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपाशी, नाक न धरता उभे राहता येऊ लागले. सराफ्यात पेढ्या मिटल्यावर त्यांच्याच दारात मांडली जाणारी रात्रीची खाऊगल्ली मात्र कुठल्याही आराखड्याविना आजही गजबजलेली असते.

शहराच्या मेट्रोचा भुयारी मार्ग याच भागाखालून आखलेला आहे. राजवाड्याजवळच्या स्थानकाला व्यापारी आणि वारसाप्रेमींनी विरोध केला आहे.