अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट (नेटवर्क स्विच)

नेटवर्कमधली यंत्रे जोडणाऱ्या स्विचवर आलेले पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) पुढे सोडायचे की टाकून द्यायचे, हे ठरवणारी नियमांची क्रमवार यादी. तंत्रज्ञ तिला 'एसीएल' म्हणतात.

यादी वरून खाली तपासली जाते आणि पॅकेटला लागू पडणारा पहिला नियमच अंतिम ठरतो. त्यामुळे सुटे सुटे नियम बिनचूक असले, तरी क्रम चुकला की यादी वाया जाते. सिस्को या कंपनीच्या स्विचवर शेवटी 'उरलेले सगळे अडवा' हा न लिहिलेला नियमही असतो. तो यादीत दिसत नाही, म्हणून बिघाड शोधताना आधी त्याचाच विचार करावा.

समजा, पाहुण्यांचे व्हीएलएएन (नेटवर्कचा वेगळा केलेला आभासी भाग) १९२.१६८.२०.० आणि लेखा विभागाचे १९२.१६८.१०.० आहे. पाहुण्यांच्या इंटरफेसवर (स्विचशी त्या व्हीएलएएनच्या जोडणीवर) आत येणाऱ्या दिशेने पहिला नियम लेखा विभागाकडची वाट बंद करतो, दुसरा १९२.१६८.२०.० मधून कुठेही जाऊ देतो. यादी निर्दोष वाटते, पण नव्या लॅपटॉपला पत्ता मिळत नाही. डीएचसीपीची (आपोआप पत्ता देणाऱ्या सेवेची) पहिली विनंती ०.०.०.० या पत्त्यावरून निघते, ती दोन्ही नियमांत बसत नाही आणि अदृश्य नियमावर अडते. त्यासाठी ही विनंती जिथे जाते त्या यूडीपी पोर्ट क्रमांक ६७ ला वेगळी परवानगी लिहावी लागते.

सिस्को आयओएसमध्ये (या स्विचच्या कार्यप्रणालीत) १ ते ९९ आणि १३०० ते १९९९ क्रमांकांच्या स्टँडर्ड याद्या फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता पाहतात. १०० ते १९९ आणि २००० ते २६९९ या एक्स्टेंडेड याद्या प्रोटोकॉल, पोहोचण्याचा पत्ता आणि पोर्टही तपासतात. पत्त्याचा कोणता भाग जुळवायचा हे सांगणाऱ्या, पत्त्यापुढच्या वाइल्डकार्ड मास्कमध्ये ० म्हणजे तो बिट जुळलाच पाहिजे आणि १ म्हणजे दुर्लक्ष. पत्त्यातला नेटवर्कचा भाग दाखवणाऱ्या सबनेट मास्कच्या नेमके उलट.

स्विचमधील टीकॅम ही मेमरी सगळ्या नोंदी एकाच वेळी ताडून पाहते, म्हणून यादी लांबली तरी वेग घटत नाही. जागा मात्र मर्यादित असते.

एसीएलला फायरवॉलचा पर्याय मानणे धोक्याचे आहे. चालू संभाषणाची आठवण ती ठेवत नाही. 'एस्टॅब्लिश्ड' हा शब्द लावला तरी टीसीपीमधला एसीके (पोच देणारा) किंवा आरएसटी (जोडणी तोडणारा) बिट तेवढा पाहिला जातो, आणि तो खोटाही लावता येतो. शिवाय व्हीएलएएनच्या इंटरफेसवरच्या यादीला त्याच व्हीएलएएनमधल्या दोन संगणकांची आपापसातली वाहतूक दिसत नाही. ती अडवायची तर यादी स्विचच्या प्रत्यक्ष पोर्टवर किंवा व्हीएलएएन मॅपद्वारे (संपूर्ण व्हीएलएएनला लागू होणाऱ्या नियमांद्वारे) लावावी लागते.