मिलिमीटरभर जागेतली चौकट

गवताच्या पात्यावर बसलेली टाचणी, म्हणजे चतुराची ती नाजूक चुलत बहीण, मी पहिल्यांदा जवळून टिपली तेव्हा डोळे लख्ख आले आणि शेपटीकडचं सगळं धूसर. मला वाटलं, हात हलला. हात हलला नव्हता, कॅमेरा तिरका होता.

लेन्स ज्या अंतरावर फोकस करतो, तिथलं सेन्सरला (कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीला) समांतर असं एकच प्रतल खरं स्पष्ट उमटतं. मागेपुढे थोडी सूट मिळते, पण जवळ जाल तशी ती झपाट्याने आटते. फुल फ्रेम कॅमेऱ्यात (ज्याचा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा असतो) वस्तूची प्रतिमा सेन्सरवर मूळ आकारात (१:१) पडत असेल, तर एफ/८ ला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र बारीक) ही सूट जेमतेम १ मिलिमीटर. निम्म्या आकारात पडली तर सुमारे ३. टाचणीचं अंग काडीएवढं, म्हणजे ती बरोबर आडवी, सेन्सरला समांतर आली तर डोक्यापासून शेपटीपर्यंत त्या तीन मिलिमीटरांत मावते. त्यासाठी पहाटे जावं. गारठलेली टाचणी पटकन उडत नाही, वाराही पडलेला असतो.

छिद्र बारीक केलं तर? १:१ ला एफ/१६ ठेवलं की लेन्स प्रत्यक्षात एफ/३२ सारखा वागतो. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो (विवर्तन) आणि सगळाच फोटो मऊ पडतो. म्हणून स्पष्टतेची ती पातळ चादर कुठे अंथरायची, हीच इथली खरी रचना. चौकटीचे तीन-तीन भाग करून विषय त्यांच्या रेषांवर ठेवायचा नियम मी इथे दुय्यम मानतो.

मागची बाजूही हातात असते. कॅमेऱ्यापासून टाचणी २० सेंटिमीटरवर आणि मागचं झुडूप दोन मीटरवर असेल, तर कॅमेरा बाजूला फक्त २ सेंटिमीटर सरकवून पुन्हा टाचणीवर रोखा. तिच्या पाठीमागची जागा १८ सेंटिमीटर सरकते. खुपणारी पांढरी काडी जाते, हिरवा अंधार येतो.

पात्याच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबात मागचं फूल दिसतं, तो फोटो सगळ्यांनाच हवा असतो, आणि तिथेच बहुतेक जण फसतात. थेंब हे पाण्याचं भिंगच. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.३३, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा गोल थेंबाच्या मध्यापासून साधारण त्याच्या व्यासाइतक्या अंतरावर तयार होते. म्हणजे थेंब ३ मिलिमीटरचा असेल तर फूल थेंबात नसतंच. ते थेंबाच्या पुढे, तुमच्या बाजूला, हवेत तरंगत असतं! थेंबाच्या कडेवर फोकस केला की फूल विरघळतं, फुलावर केला की कड मऊ होते. मी फूल निवडतो. मऊ कड उलट शोभते.

प्रतिमा उलटी पडते, तेव्हा देठासकट शेवंती ठेवली तर ती शीर्षासन करते. जर्बेराचं तोंड कॅमेऱ्याकडे करून ठेवा, उलट-सुलटचा प्रश्नच मिटतो.