कोल्हापूरच्या आकाशातले बुडबुडे आणि अकरा वर्षांचा सूर्य

चांदणं नसलेल्या निरभ्र रात्री कोल्हापूरचं आकाश आपल्याला काळं दिसतं. खरं तर ते मंदपणे उजळत असतं. दिवसा सूर्यप्रकाशाने फुटलेले वातावरणातले कण रात्री पुन्हा जुळतात आणि जुळताना प्रकाश सोडतात. सुमारे 250 किलोमीटर उंचीवरून येणारा 630 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश डोळ्यांना जाणवत नाही, पण खास फिल्टर लावलेला कॅमेरा तो टिपतो. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने शिवाजी विद्यापीठाच्या आवारात अशी निरीक्षणं केली आहेत, शिवाय वरच्या हवेतले वारे मोजणारं रडारही तिथे बसवलं.

या तांबड्या प्रकाशात कधी कधी उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना दिसतात. हे प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूचे बुडबुडे. सूर्य मावळला की आयनांबराच्या, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थराच्या, खालच्या भागातले आयन (विद्युतभारित कण) भराभर विरतात, वरचा थर मात्र दाट राहतो. म्हणजे जड वर आणि हलकं खाली. तेलावर पाणी ओतलं की तेल उसळून वर येतं, तसा विरळ प्लाझ्मा वर चढतो. भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाणाऱ्या चुंबकीय विषुववृत्तावर त्याची सुरुवात होते आणि चुंबकीय रेषांच्या वाटेने तो उत्तरेला आपल्या डोक्यावर पोचतो. त्याच्यातून येणारा जीपीएसचा संदेश थरथरतो, कधी तुटतोही.

सूर्य तापट असतो तेव्हा बुडबुडे वाढतात, शांत असतो तेव्हा कमी होतात. हे चक्र साधारण 11 वर्षांचं. त्यात आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने ढगांत जातात आणि उरलेल्यांतल्या चांदण्या रात्री वाया जातात. हाती येतात त्या मोजक्या रात्री. फिल्टर खराब झाला, तंत्रज्ञाचं पद रिकामं राहिलं, तर गेलेली रात्र पुढच्या वर्षीच्या अनुदानातून विकत घेता येत नाही.

म्हणून मला विज्ञानासाठीच्या मोठ्या घोषणांचा आनंद होतो आणि काळजीही वाटते. 2023 च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभं राहिलं. पाच वर्षांत संशोधनासाठी 50,000 कोटी रुपये उभे करण्याचं उद्दिष्ट आहे, पण त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. 2025 मध्ये केंद्राने 1 लाख कोटींची योजना मंजूर केली. तिचा रोख खासगी उद्योगांच्या संशोधनावर आहे. उद्योगाने संशोधन करावंच. पण आयनांबराच्या नोंदी कुठला कारखाना ठेवणार? देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च 2020-21 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्के होता. दक्षिण कोरियाचा 5 टक्क्यांच्या आसपास आहे.

कोल्हापूरला लांब पल्ल्याचं काम नवं नाही. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं. मध्ये काम अडलं, 1922 मध्ये महाराज गेले, 1949 मध्ये संस्थान विलीन झालं. धरण पुरं व्हायला 1957 उजाडलं. आज भोगावतीकाठचा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे.