निळ्या फुलांचा तो अंजन वेगळा

एक मेसेज आहे: निळ्याजांभळ्या फुलांनी भरलेल्या झाडाचा फोटो आणि खाली ओळ, ‘हा अंजन, जगात फक्त आपल्या खानदेशात उगवतो.’

घोळ नावाचा आहे, आणि तो होणं साहजिक आहे. फोटोतली ती सह्याद्रीच्या माथ्यावरची अंजनी. महाबळेश्वरला भरपूर दिसते. धुळे-जळगावच्या कोरड्या टेकड्यांवरचा अंजन वेगळ्याच कुळातला, शेंगा धरणारा. शास्त्रीय नाव हार्डविकिया बिनाटा. त्याची फुलं बारीक, फिकट पिवळसर, सहज नजरेत न भरणारी.

पडताळा पानावर घ्या. अंजनाच्या एका देठावर दोन सुटी पानं, जुळी. (आपट्याचं पान मधे चिरलेलं, पण एकच.) शेंग चपटी, पातळ, बी एकच, तेही टोकाला. अंजनीला शेंग नसते, बारीक गोल फळं येतात.

आता ‘फक्त खानदेशात’. मध्य प्रदेश, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूच्या रानातही तो आहे. भारतीय उपखंडाबाहेर मात्र तो आपसूक उगवत नाही, एवढं त्या मेसेजमधलं खरं. शिवाय तो पुंजक्यानं वाढतो. जिथे खडकाळ, उथळ मातीत साग खुरटतो, तिथे अंजनाचं रान. एका टेकडीवर सगळा तोच आणि पलीकडच्या टेकडीवर एकही नाही, मग तो ‘आपलाच’ वाटणार नाही तर काय!