निःशुल्क मुक्त संशोधनपत्रिका (कोल्हापूर परिसर)

वाचकाकडून वर्गणी घ्यायची नाही, लेखकाकडून प्रकाशनशुल्क घ्यायचे नाही आणि तज्ज्ञांनी तपासलेले शोधनिबंध इंटरनेटवर सर्वांना खुले ठेवायचे, या तत्त्वावर चालणारे नियतकालिक. जगभर या प्रकाराला ‘डायमंड ओपन ॲक्सेस’ म्हणतात. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने मुक्त प्रवेशाची कल्पना रूढ केली. पुढे बड्या प्रकाशकांनी अनेक पत्रिकांत वाचकाची वर्गणी सोडली खरी, पण तोच खर्च ‘एपीसी’ (लेख प्रकाशनशुल्क) या नावाने लेखकाच्या माथी मारला. ‘नेचर’ या नामांकित विज्ञानपत्रिकेने २०२० मध्ये हे शुल्क ९,५०० युरो ठरवले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या मिळकतीशी त्याची तुलना न केलेली बरी.

कोल्हापुरात उच्च शिक्षणाची परंपरा राजाराम महाविद्यालयापासूनची (१८८०). शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि कोल्हापूर, सांगली व सातारा जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली. विद्यापीठातील थिन फिल्म (पदार्थाचे अतिपातळ थर) आणि नॅनो-पदार्थांवरचे काम परदेशी पत्रिकांत नेहमी छापून येते. वर्गणीवर चालणाऱ्या पत्रिका लेखकाकडे सहसा पैसे मागत नाहीत, त्यामुळे त्या मंडळींचे फारसे अडत नाही. अडते ते इतिहास, मराठी, समाजशास्त्र आणि शेतीवर लिहिणाऱ्यांचे. गुऱ्हाळात रस उकळताना मळी काढण्यासाठी रानभेंडीचा चीक वापरतात. त्याचे प्रमाण आणि गुळाचा रंग यांवरचा निबंध, कोल्हापूर पुरालेखागारातील मोडी कागदांवरचे टिपण, उद्यमनगरातील फाउंड्रीच्या वाया जाणाऱ्या वाळूचा अभ्यास किंवा २००५, २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरांची गाववार नोंद, हे सगळे मोठ्या पत्रिकांच्या संपादकाला ‘फारच स्थानिक’ वाटते. ज्यांच्या उपयोगाचे ते लेखन आहे, ते वाचक मात्र इथलेच, आणि बरेचसे मराठीतच वाचणारे. केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेमुळे (मंजुरी नोव्हेंबर २०२४, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये) परदेशी पत्रिका वाचण्याची सोय वाढली. इथले छापण्याची सोय त्याने होत नाही.

अशी पत्रिका सुरू करण्याचा खर्च वाटतो त्याहून कमी असतो. लेख स्वीकारणे, समीक्षकांकडे पाठवणे आणि अंक मांडणे यांसाठी ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ हे ‘पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट’चे (पीकेपी) सॉफ्टवेअर मोफत मिळते. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळखक्रमांक नवी दिल्लीतील राष्ट्रीय केंद्र विनामूल्य देते. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळा. डीओआयसाठी, म्हणजे प्रत्येक लेखाच्या कायमच्या ऑनलाइन ओळखक्रमांकासाठी, तो देणाऱ्या ‘क्रॉसरेफ’ संस्थेचे सदस्यत्व घ्यायचे तर डॉलरमध्ये वार्षिक शुल्क भरावे लागते, आणि लहान महाविद्यालयाची गाडी बहुधा इथेच अडते.

आयएसएसएनच्या आठ अंकांतला शेवटचा अंक पडताळणीचा असतो. ‘करंट सायन्स’ या भारतीय विज्ञानपत्रिकेचा ००११-३८९१ हा क्रमांक घ्या. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८ ते २ ने गुणून बेरीज केली की ६५ येतात. ११ ने भागल्यावर बाकी १०. ११ मधून १० गेले, उरला १, आणि क्रमांकाच्या शेवटी १ च आहे. (उत्तर १० आले तर तिथे एक्स हे अक्षर घालतात.) मनाने ठोकून दिलेला क्रमांक बहुतेक वेळा या हिशेबात सापडतो. पण क्रमांक खरा निघाला म्हणून पत्रिका चांगली ठरत नाही. मुखपृष्ठावर आयएसएसएन ठळक छापून त्यालाच दर्जा म्हणून मिरवणाऱ्या पत्रिका काही कमी नाहीत.

मराठी पत्रिकांची खरी गोची अक्षरांची आहे. डीटीपीवाल्याकडे मजकूर अनेकदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत बसवला जातो. पीडीएफ पडद्यावर देखणी दिसते. त्यातले ‘पंचगंगा’ कॉपी करून दुसरीकडे चिकटवले की रोमन अक्षरे आणि चिन्हांची भेळ हाती येते. असा लेख गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधयंत्राला मराठी शब्दांवरून सापडत नाही आणि वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येत नाही. म्हणजे लेख खुला, पण शोधणाऱ्याला नाहीसाच. युनिकोड (सर्व संगणकांना सारखाच वाचता येणारा) मजकूर आणि सोबत इंग्रजी शीर्षक व सारांश एवढे पथ्य पाळले तरी निम्मे काम होते.

समीक्षणाला पैसे लागत नाहीत, माणसे लागतात. लेखक आणि समीक्षक यांना एकमेकांची नावे कळू नयेत हा संकेत. प्रत्यक्षात पंचगंगेच्या पुरावर काम करणारे असून असून किती असणार? ‘आमच्या आधीच्या निबंधात’ एवढ्या शब्दांवरून समीक्षक लेखक ओळखतो, आणि वर्ड फाइलच्या गुणधर्मांत तर नाव सरळ लिहिलेले असते. म्हणून जिल्ह्याबाहेरचा निदान एक समीक्षक हवा. २००३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातून सुरू झालेली ‘डीओएजे’ ही मुक्त पत्रिकांची सूची नोंदीसाठी पैसे घेत नाही, पण अटी घालते: नवी पत्रिका वर्षाहून जुनी असावी किंवा तिने किमान दहा शोधनिबंध प्रसिद्ध केलेले असावेत, आणि संपादक मंडळ व समीक्षकांचे स्वतःचे लेख एक चतुर्थांशाहून जास्त नसावेत. एकाच विभागातल्या सहकाऱ्यांनी काढलेल्या पत्रिकेला ही दुसरी अट जड जाते, आणि ती तशी जावी हेच योग्य.

नव्या पत्रिकेत ‘पेपर टाकताना’ प्राध्यापक पहिला प्रश्न विचारतात तो पदोन्नतीला चालेल का, हा. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ ही मान्य पत्रिकांची यादी २०१९ पासून त्याचे उत्तर देत होती. आयोगाने ती बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आणि पत्रिका पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. २०२२ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापण्याची देशव्यापी सक्तीही काढली. काही हजार रुपये घेऊन आठवड्यात ‘आंतरराष्ट्रीय’ प्रसिद्धी देणाऱ्या दुकानांचे गिऱ्हाईक यामुळे घटायला हवे. निवड समित्यांना मात्र अजून यादीच हाताशी लागते. निःशुल्क पत्रिकेला फी नसल्याने लेख घाईने स्वीकारण्याचा लोभ नसतो. तिचे दुखणे निराळे: संपादक निवृत्त झाला की अंक रखडतो.

संकेतस्थळाचे वार्षिक भाडे भरायचे राहिले तर मागचे सगळे अंकही एका दिवसात गायब होऊ शकतात. ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’वर चालणाऱ्या आणि अटी पूर्ण करणाऱ्या पत्रिकांना ‘पीकेपी प्रिझर्व्हेशन नेटवर्क’ मोफत जतनाची सोय देते. ती आपोआप मिळत नाही, सुरू करून घ्यावी लागते. लेख ‘सीसी बाय’ या खुल्या परवान्याखाली असेल, तर लेखक किंवा कोणतेही ग्रंथालय, मूळ श्रेय देऊन, त्याची प्रत आपल्या भांडारात ठेवू शकते. त्यासाठी संपादकाची परवानगी लागत नाही.