५८ ची रेघ आणि गोव्याचे खनिज धुणारी यंत्रे

गोव्यात खाणपट्ट्यांचे लिलाव होऊ लागले, जुने डंप, म्हणजे पूर्वी टाकून दिलेल्या मालाचे साठे, उपसायची भाषा सुरू झाली आणि एक जुना वाद परत वर आला: हलक्या प्रतीच्या लोहखनिजातला लोहाचा टक्का वाढवायला यंत्र घ्यायचे कोणते? जिग (पाण्याच्या हेलकाव्याने जड दाणे खाली बसवणारे), स्पायरल (नागमोडी पन्हळीतून वाहताना जड-हलके वेगळे करणारे) की थेट उच्च तीव्रतेचे चुंबकीय यंत्र? प्रत्येक विक्रेता आपल्या यंत्राचा आलेख पुढे सरकवतो. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत इथली यंत्रनिवड खनिजाच्या घनतेपेक्षा दिल्लीत ठरलेल्या आकड्यांनी, म्हणजे लोहाच्या ४५ आणि ५८ टक्क्यांच्या रेघांनी, जास्त झाली. ते माहीत नसेल तर आलेख बघून फारसे काही कळत नाही.

सुरुवातीचा काळ थोडक्यात उरकता येतो. १९५० च्या दशकात माल प्रामुख्याने जपानला जाई. टणक लंप, म्हणजे मोठ्या ढेकळांचा माल, आधी संपत गेला, मग चुऱ्याची पाळी आली. गोव्याचे खनिज मऊ, जांभ्याच्या कुळातले, चिकणमाती भरपूर. त्यामुळे इथले प्लांट म्हणजे मुळात धुलाईचे प्लांट: लॉग वॉशर (माती घुसळून सुटी करणारा), चाळणी, क्लासिफायर आणि हायड्रोसायक्लोन (दोन्ही पाण्यात बारीक-जाड कण वेगळे करणारे). काम होते माती सुटी करून वाहून नेण्याचे. बारीक गाळ बंधाऱ्यात जाई. पावसाळ्यात तोच गाळ डिचोली-सांग्याकडच्या शेतांत उतरल्याच्या तक्रारी त्या काळापासूनच्या आहेत, आणि त्या खऱ्याच होत्या.

आता घनतेचा हिशेब. हेमॅटाइट (लोहाचे खनिज) ५.२, क्वार्ट्झ (नको असलेली गारगोटी) २.६५. दोन्हींतून पाण्याची घनता १ वजा केली की हे गुणोत्तर साधारण २.५ येते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने वेगळे करायला सोयीचे. पुस्तकात हाच आकडा छापलेला असतो, आणि निविदेतही हाच उतरतो. प्रत्यक्षात गोव्यात लोहाचा मोठा हिस्सा गोएथाइट-लिमोनाइट या हलक्या लोहखनिजांत आहे. त्याची घनता ४ च्या आसपास, म्हणजे गुणोत्तर १.८ वर येते. शिवाय ॲल्युमिना (चिकणमातीतला, भट्टीत नको असलेला घटक) गोएथाइटच्या कणातच अडकलेला असतो. तो कण जिगमध्ये लोहाबरोबरच खाली बसतो आणि ॲल्युमिना तसाच राहतो. आणि खनिज वितळवून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीवाल्याला लोहाइतकीच ॲल्युमिनाची काळजी असते.

दुसरी अडचण कणाच्या आकाराची. जिग मिलिमीटरच्या वरच्या दाण्यावर चांगले चालते. स्पायरल एक मिलिमीटरपासून साधारण ७५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याखालचा गाळ पाण्याबरोबर सरळ निघून जातो. म्हणजे आधी चाळणी-विश्लेषण, मग यंत्र. हे कोणालाही मान्य असते, फक्त नमुना घेताना डंपच्या कडेची चार टोपली उचलली जातात.

तरीही एवढ्यावर निवड झाली असती तर बरे होते. २००४-०५ नंतर चीनने हलका मालही उचलायला सुरुवात केली. आधी टाकून दिलेल्या डंपांना अचानक किंमत आली. २००९ मध्ये हेमॅटाइटसाठी लोहाची उंबरठा मर्यादा ५५ वरून ४५ टक्क्यांवर आणली गेली. म्हणजे ४५ च्या वरचे काहीही ‘टाकाऊ’ म्हणून फेकता येणार नाही. हेतू जतनाचा होता आणि तो योग्यच होता. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली, त्यात शेजारच्या राज्याचा मालही होता. मग २०१२ ची खाणबंदी, २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातली वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा, आणि खाणी पुन्हा थांबवणारा २०१८ चा त्याच न्यायालयाचा दुसरा निकाल. ही कथा सर्वांना ठाऊक आहे.

कमी बोलले जाते ते ५८ बद्दल. २०१६ पासून ५८ टक्क्यांखालच्या खनिजावरचे निर्यात शुल्क शून्य झाले, वरच्यावर ३० टक्के राहिले. बाजू मांडणारे म्हणतात, चांगला माल देशातल्या पोलाद कारखान्यांसाठी ठेवायचा आणि इथे खप नसलेला हलका माल बाहेर जाऊ द्यायचा. यात तथ्य आहे. पण सुधारणा प्लांट लावणाऱ्याच्या जागी बसून बघा. ५५ चा माल स्पायरल-चुंबकीय जोडणीने ६० वर नेला की प्रत्येक टनावर शुल्क बसते आणि गाळ सांभाळायचा खर्च वेगळाच. देशांतर्गत गिऱ्हाईक हाताशी नसेल तर नुसते धुऊन ५७ वर थांबणे फायद्याचे. मे २०२२ मध्ये शुल्क ५० टक्क्यांवर नेऊन हलक्या मालालाही लावले, नोव्हेंबरमध्ये पुन्हा जुनी व्यवस्था. सहा महिन्यांत दोनदा गणित बदलल्यावर कोणता कारखानदार दहा वर्षे टिकणारे यंत्र घेईल? माझ्या मते, ४५ च्या नियमाने जी सुधारणा सक्तीची केली तिलाच ५८ ची रेघ तोट्यात टाकते.

२०२२ च्या अखेरीस लिलाव सुरू झाले, २०२४ मध्ये त्यांतला पहिला पट्टा चालू झाला. आता डंपांत दोन वेगळे माल आहेत. खाणीवरच टाकलेला कमी प्रतीचा राड्यारोड्याचा ढीग जिग-स्पायरलला थोडाफार साथ देतो. बंधाऱ्यातला जुना गाळ मात्र बराचसा ४५ मायक्रॉनच्या खालचा. त्याला स्पायरल दाखवण्यात अर्थ नाही. तिथे लहान व्यासाचे सायक्लोन आणि चुंबकीय यंत्र, आणि त्याआधी बंधारा थरावार ड्रिल करून घेतलेले नमुने लागतात. दोन्ही ढिगांना ‘डंप’ हे एकच नाव देऊन एकच निविदा काढली, तर जिंकलेले यंत्र एका ढिगाला चालेल आणि दुसऱ्यापाशी उभे राहील.